घरातलं रसायन, भाग ९ : सुकटीला वास असतोच, मग बिघाड ओळखायचा कसा?

ताज्या मांसाला घाण वास आला की निकाल लागतो. वाळवलेल्या मालाचं तसं नाही. अकोला-अमरावतीच्या आठवडी बाजारात सुकट, बोंबील हुंगून घेणारी बाई वास आहे की नाही हे पाहतच नसते. नेहमीच्या वासात काय बदललं, हे ती ताडते. वास ओळखणाऱ्या सेन्सरलाही नेमकं हेच शिकवावं लागतं.

मांसाच्या पट्ट्या वाळवून केलेल्या चान्यांची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्याच्या संदर्भात केली आहे. वाळवणाला आपल्या वऱ्हाडाचा मे महिना उत्तम : पारा ४५ अंशांकडे आणि हवा कोरडी. खरी परीक्षा जुलैत असते. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढू लागतं, आणि खारवलेला माल ओला होतो. मग जिवाणू प्रथिनं फोडतात. मासळीतून ट्रायमिथाइलअमाइन आणि अमोनिया सुटतो, मांसातून प्युट्रेसिन, कॅडाव्हेरिन तयार होतात. चरबी मात्र जिवाणूंशिवायही, नुसत्या हवेनं खवट होते. तिच्यातून हेक्झानल निघतं.

हे वायू पकडायला टिन ऑक्साइडचा तापवलेला थर वापरतात. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये असा सेन्सर घडवला. थरावर चिकटलेल्या ऑक्सिजनशी वायूची क्रिया झाली की त्याचा विद्युतरोध उतरतो. पण एकटा सेन्सर अमोनिया कुठला आणि हेक्झानल कुठलं, हे सांगू शकत नाही. १९८२ मध्ये पर्सॉड आणि डॉड या संशोधकांनी दाखवलं, की वेगवेगळे सेन्सर एकत्र लावले तर त्यांच्या आकड्यांच्या नक्षीवरून वास ओळखता येतो. 'इलेक्ट्रॉनिक नाक' ते हेच.

आपल्याकडची अडचण मला इथेच दिसते. पाण्याच्या वाफेनंही हा रोध उतरतो. मे महिन्यात बेतलेलं यंत्र जुलैत चांगल्या मालालाही नासका ठरवेल. शेजारी आर्द्रतामापक हवाच, आणि मालाची पहिल्या दिवसाची नोंदही हवी.

याहून स्वस्त वाट हळदीची आहे. चुना लागताच हळद लाल होते, आणि अमोनियाही अल्कधर्मीच. हळदीतल्या कर्क्युमिनच्या, रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर जगभर काम झालं आहे. सुकटीत थोडा अमोनिया मुळातच असतो, म्हणून पट्टी कोणत्या पातळीला रंगावी हे आपल्याच मालावर ठरवावं लागेल. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. त्यांनी बाजारातल्या विक्रेत्यांना सोबत घेऊन हे काम हाती घ्यावं.

तोवर एक लक्षात ठेवा. स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या विषाला वास नसतो, आणि ते उकळूनही जात नाही. पावसाळ्यात चिकट किंवा बुरसट झालेली चानी, सुकट धुऊन पुन्हा वाळवू नका, टाकून द्या.