उपवासाचा माल आणि दोन श्रावण

आमच्या इंदूरच्या मराठी समाजात नोकरदार अधिक हे खरे. तथापि किराणा, फराळाचे जिन्नस व पूजासाहित्य यांची लहान दुकाने चालविणारी कुटुंबेही थोडी नाहीत. बिले, वह्या सारे त्यांच्यापाशी असते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यापासून तर पुष्कळांना हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो. पण ते आकडे विवरणपत्रात गेले की त्यांचे काम संपले, असे आपण धरून चालतो, आणि माल किती भरावा हे ठरवितो मात्र अंदाजाने. किंवा मागील वर्षीचा तोच महिना पाहून. हा दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच तो अधिक फसवितो.

साबुदाण्याचेच पाहू. समजा, एका दुकानात एरवी रोज ४ किलो साबुदाणा खपतो आणि श्रावणात रोज १२ किलो. आता येथील उत्तरेकडील मंडळींचा श्रावण २०२४ साली २२ जुलैला लागला, २०२५ साली ११ जुलैला. म्हणजे पहिल्या जुलैत श्रावणाचे दिवस १०, दुसऱ्यात २१. गणित केले तर विक्री येते अनुक्रमे २०४ व २९२ किलो. दुकानदार हर्षभरित होतो. धंदा जवळजवळ दीडपट झाला म्हणून सियागंजात उधारीवर मोठी मागणी नोंदवितो. वास्तविक रोजचा खप कणभरही वाढलेला नाही! २०२६ साली ज्येष्ठ अधिक आल्याने हाच श्रावण ३० जुलैवर गेला. त्या जुलैच्या वाट्याला दोनच दिवस, आणि त्याच हिशेबाने विक्री अवघी १४० किलो. पावसाळी हवेत पडून राहिलेल्या साबुदाण्याला कीड लागते, शेंगदाणे खवट होतात, शिंगाड्याचे पीठ तर त्याहून लवकर बिघडते. उधारी मात्र तशीच उभी राहते.

कारण उघड आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून सण दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरतात, आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जातात. कराचे विवरण इंग्रजी महिन्याने जाते. गिऱ्हाईक तिथीने येते.

इंदुरात त्यात आणखी एक गंमत आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्ष दोघांचा एकच, म्हणून गणेश चतुर्थी वा नवरात्र यांत फरक पडत नाही. वद्य पक्षाचे नाव तेवढे बदलते. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरवडाभर सुरू होतो. २०२५ साली त्यांचा ११ जुलै ते ९ ऑगस्ट, आपला २५ जुलै ते २३ ऑगस्ट. दुकानदाराच्या दृष्टीने हे तीन पंधरवडे झाले: पहिला मोरधन मागणाऱ्यांचा, मधला दोघांचा, शेवटचा भगर मागणाऱ्यांचा. (जिन्नस एकच, हे सांगावयास नकोच.) सगळा माल एकदम न भरता तीन हप्त्यांनी आणला, तर पहिल्या पंधरवड्याचा खप पाहून पुढची मागणी कमीजास्त करता येते आणि पैसाही कमी अडकतो.

यासाठी यंत्र नको. रोजच्या विक्रीपुढे तिथी लिहावी व पक्षाची बेरीज करून ती मागील वर्षीच्या त्याच पक्षाशी ताडून पाहावी. तिथीचा क्षय झाला की पक्षाचा एखादा दिवस कमी होतो, यास्तव बेरजेला दिवसांनी भागावे.

एक नोंद मात्र कोणत्याही बिलात सापडत नाही. माल संपल्यामुळे जे गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले, त्याचे बिलच होत नाही. मधल्या पंधरवड्यात साबुदाणा चार दिवस नसेल, तर वही त्या दिवसांची विक्री शून्य दाखवील आणि पुढील वर्षी आपण पुन्हा कमीच भरू. गल्ल्याजवळ एक लहान वही ठेवून ‘नाही’ म्हणून परतविलेली प्रत्येक मागणी त्याच वेळी तीत टिपावी. दुकानावर मुलगा बसला असेल, तर त्यालाही तसे बजावून ठेवावे.