मोटारीविना थीम पार्कची सहल : आधी रेल्वेचे तिकीट, मग पाळण्याचे

शिरूर अनंतपाळ (प्रतिनिधी) : उजेडच्या गांधीबाबांच्या यात्रेतील आकाशपाळणा असो की लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील रहाटगाडगे, या परिसरातील मुलांची पाळण्याशी पहिली ओळख यात्रेतच होते. अलीकडे मात्र दूरचित्रवाणी आणि मोबाईलमुळे रामोजी फिल्म सिटी, वंडरला, इमॅजिका ही नावे खेड्यापाड्यांतील मुलांच्याही तोंडी आहेत. परीक्षा संपताच घरोघरी हट्ट सुरू होतो आणि पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो गाडीचा. स्वतःची मोटार नाही, भाड्याच्या जीपचा खर्च झेपत नाही आणि परराज्यातील महामार्गांवर, अनोळखी शहरांत वाहन चालविण्याचे धाडस होत नाही. परिणामी अनेकांची सहल कागदावरच राहते. वस्तुतः एसटी, रेल्वे आणि शहरातील मेट्रो यांची नीट सांगड घातली, तर दोन-तीन शहरांतील उद्याने मोटारीविना पाहता येतात. त्यासाठी क्रम मात्र काटेकोर ठेवावा लागतो.

स्थानक कोणते?

१९९९ मध्ये तालुका झालेल्या शिरूर अनंतपाळ गावाला रेल्वेस्थानक नाही. त्यामुळे सहलीचा पहिला टप्पा एसटीचाच. पुढे तीन पर्याय आहेत. हैदराबाद आणि बंगळुरूकडे जायचे असल्यास उदगीर किंवा लातूर रोड आणि पुणे-मुंबईकडे जायचे असल्यास लातूर. लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी स्थानके आहेत, हे येथील रहिवाशांना ठाऊक असले तरी आरक्षण करताना घाईत नावाची गल्लत होऊ शकते. तिकिटावरील नाव दोनदा वाचलेले बरे.

गाडी रात्री उशिरा असल्यास स्थानक गाठण्यासाठी शेवटच्या बसवर भिस्त ठेवू नये. सायंकाळच्या बसने निघून स्थानकावर दोन-तीन तास बसणे परवडते. गाडी चुकली तर पुढची सर्व आरक्षणे वाया जातात.

पूर्वेची वाट : हैदराबाद व बंगळुरू

निजामी राजवटीत मराठवाड्याची राजधानी असलेले हैदराबाद या भागाला परके नाही. तेथे हिंदी सर्रास चालते. छत्रपती संभाजीनगर-हैदराबाद एक्स्प्रेस आणि साईनगर शिर्डी-काकीनाडा एक्स्प्रेस या गाड्या लातूर रोड, उदगीर, बिदरमार्गे धावतात. यातील काकीनाडा गाडी रोज नसते. तिचे वार पाहूनच बेत आखावा.

१९९६ मध्ये सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी हे येथील मुख्य आकर्षण. जगातील सर्वांत मोठे चित्रपट निर्मिती संकुल म्हणून तिची गिनेस बुकात नोंद आहे. ती शहराबाहेर विजयवाडा महामार्गावर आहे. हैदराबाद मेट्रोची मियापूर-एल. बी. नगर ही मार्गिका २०१८ पासून पूर्ण सुरू असल्याने एल. बी. नगरपर्यंत मेट्रोने आणि तेथून बसने किंवा रिक्षाने जाणे सोयीचे ठरते. संकुलात फिरण्यासाठी बसगाड्या असल्याने आजी-आजोबांनाही ही जागा मानवते. वंडरला हे उद्यान २०१६ पासून रावीर्याल येथे, बाह्यवळण मार्गालगत आहे. तेथे मेट्रो जात नाही. बस किंवा भाड्याची टॅक्सी हाच मार्ग. लहान मुलांसाठी लोअर टँक बंड भागातील स्नो वर्ल्ड शहरातच असून अर्ध्या दिवसात पाहून होते.

हैदराबादहून बंगळुरूला जाण्यासाठी काचीगुडा-यशवंतपूर वंदे भारत ही गाडी २०२३ मध्ये सुरू झाली. ती पहाटे सुटून दुपारी पोहोचते, आठवड्यातून एक दिवस बंद असते. हैदराबाद (नामपल्ली), सिकंदराबाद आणि काचीगुडा ही तिन्ही स्थानके एकमेकांपासून दूर आहेत. पहाटेची गाडी पकडायची असल्यास आदल्या रात्रीचा मुक्काम काचीगुड्याजवळच करावा.

बंगळुरूचे वंडरला २००५ पासून म्हैसूर रस्त्यावरील बिडदी येथे आहे. केएसआर बंगळुरू स्थानकातून म्हैसूरकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाड्या बिडदीला थांबतात. तेथून रिक्षा मिळते. मेट्रोने चल्लघट्टापर्यंत जाऊन पुढे बस घेण्याचाही पर्याय आहे. दोन्ही शहरांतील वंडरला एकाच कंपनीचे आहे, तेव्हा दोन्हीकडे तिकीट काढण्यात अर्थ नाही. हैदराबादेत रामोजी आणि बंगळुरूत वंडरला अशी विभागणी केल्यास पैसे वाचतात व नावीन्यही टिकते.

परतीसाठी बंगळुरू-नांदेड एक्स्प्रेस बिदर, उदगीर, लातूर रोडमार्गे येते. त्यामुळे हैदराबादला पुन्हा न उतरता थेट घरची वाट धरता येते. सहलीचा हा त्रिकोणच या मार्गाची खरी सोय आहे.

पश्चिमेची वाट : लोणावळा, खोपोली, मुंबई

लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्री निघून पहाटे पुण्याला आणि सकाळी मुंबईला पोहोचते. तिचे काही दिवसांचे फेरे बिदरपर्यंत जातात. पुण्याला उतरून लोकलने लोणावळा गाठता येते. लोणावळ्याजवळ वेट एन जॉय हे जलउद्यान आहे. घाटाखाली खोपोली-पाली रस्त्यावर एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालेले इमॅजिका हे थीम पार्क आहे. २०२२ पासून ते मालपाणी समूहाकडे आहे. लोणावळ्याहून बसने घाट उतरून खोपोलीला यावे. मुंबईकडून येणाऱ्यांना कर्जतमार्गे खोपोली लोकल आहे, पण कर्जत-खोपोली फेऱ्या मोजक्याच असल्याने परतीची लोकल आधी पाहून ठेवावी. स्थानकावरून उद्यानापर्यंत रिक्षा करावी लागते.

मुंबईबाबत एक खबरदारी आवश्यक आहे. १९८९ मध्ये गोराई येथे सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. पूर्वी तेथे जाऊन आलेल्या नातेवाइकांच्या सांगण्यावरून बेत ठरविणाऱ्यांची निराशा होईल. शेजारचे वॉटर किंगडम हे जलउद्यान मात्र सुरू आहे. बोरिवली स्थानकातून बसने किंवा रिक्षाने गोराई खाडी आणि तेथून बोटीने पलीकडे, असा हा प्रवास असतो. मुलांना तोही आवडतो.

आरक्षणाचे गणित

रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत. म्हणजे ५ मे रोजी निघायचे असल्यास ६ मार्च रोजी सकाळी ८ वाजता तिकीट काढायला बसावे लागेल. सुटीच्या दिवसांत जागा लवकर भरतात. हे लक्षात घेता उद्यानाचे तिकीट प्रथम काढून नंतर रेल्वेचे पाहणे ही चूक ठरते. जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही आरक्षणे निश्चित झाल्यावरच उद्यान व लॉजचे पैसे भरावेत.

ऑनलाईन काढलेले प्रतीक्षायादीतील तिकीट तक्ता तयार होईपर्यंत निश्चित झाले नाही, तर ते आपोआप रद्द होते. त्यावर शयनयान डब्यात चढता येत नाही. तत्काळचा पर्याय आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० व शयनयान वर्गासाठी ११ वाजता खुला होतो. १ जुलै २०२५ पासून ऑनलाईन तत्काळसाठी आधार पडताळणी सक्तीची आहे. ती आयत्या वेळी होत नाही, म्हणून महिनाभर आधीच उरकावी.

पाच वर्षांखालील मुलास स्वतंत्र आसन न घेतल्यास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्ध्या भाड्यात स्वतंत्र बर्थ मिळत नाही; बर्थ हवा असल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे आहे. रात्रीच्या प्रवासात दोन मुलांना आईवडिलांच्या बर्थवर झोपवून दुसऱ्या दिवशी उद्यानात नेल्यास मुले दुपारीच पेंगतात. येथे केलेली बचत महागात पडते. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, याचीही नोंद घ्यावी.

सवलत सीमेपर्यंतच

एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या असतात. कर्नाटक आणि तेलंगणातील सरकारी बसगाड्यांत महिलांना २०२३ पासून मोफत प्रवास मिळतो, परंतु तो त्या-त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठीच. महाराष्ट्राचे आधार कार्ड दाखवून तेथे तिकीट माफ होत नाही. खर्चाच्या अंदाजात हे भाडे धरलेच पाहिजे.

वय नव्हे, उंची

यात्रेतील पाळण्यात वडिलांच्या मांडीवर बसून फेरी होते. थीम पार्कमध्ये तसे चालत नाही. बऱ्याच उद्यानांत मुलांच्या तिकिटाचा दर वयावर नव्हे, तर उंचीवर ठरतो. प्रत्येक मोठ्या पाळण्याला किमान उंचीची अट असते आणि ती सुरक्षेसाठी असल्याने तिथे विनवणीचा उपयोग होत नाही. निघण्यापूर्वी घरच्या भिंतीवर मुलांची उंची मोजून उद्यानाच्या संकेतस्थळावरील अटींशी ताडून पाहावी. ज्या पाळण्यासाठी मूल वर्षभर हट्ट करीत होते, तोच नाकारला गेल्यास सहलीचा विरस होतो. हृदयविकार, रक्तदाब, पाठदुखी असणाऱ्यांना व गर्भवतींना वेगवान पाळणे वर्ज्य असतात.

जलउद्यानात साडी, धोतर किंवा सुती कपड्यांवर पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात. ते सोबत नसल्यास तेथे भाड्याने घ्यावे लागतात. बाहेरचे खाद्यपदार्थही सहसा आत नेऊ देत नाहीत. म्हणून दशम्या आणि चटणी रेल्वेच्या प्रवासापुरत्या ठेवाव्यात व आतील जेवणाचा खर्च वेगळा काढावा.

एका दिवशी एकच उद्यान

पूर्वेच्या सहलीचा सोपा आराखडा असा होऊ शकतो : रात्रीच्या गाडीने प्रस्थान, पहिल्या दिवशी हैदराबादेत विश्रांती व स्नो वर्ल्ड किंवा चारमिनार, दुसऱ्या दिवशी रामोजी, तिसऱ्या दिवशी बंगळुरूचा प्रवास, चौथ्या दिवशी वंडरला, पाचव्या दिवशी परतीची गाडी आणि सहाव्या दिवशी घर. उद्यानाचे दिवस शनिवार-रविवारी येऊ नयेत. या दिवशी रांगा वाढतात व काही ठिकाणी दरही अधिक असतात.

मे महिन्यात हैदराबादचे ऊन लातूरपेक्षा सौम्य नसते, तर पावसाळ्यात विजा व जोरदार सरींमुळे उघड्यावरील पाळणे थांबवावे लागतात. त्यामुळे दिवाळीची सुटी या सहलीस अधिक अनुकूल ठरते. त्यासाठीचे आरक्षण साधारण श्रावण-भाद्रपदातच करावे लागते.

रेल्वेच्या वेळा आणि वार बदलत असतात. निघण्याच्या आठवड्यात १३९ क्रमांकावर गाडीची खात्री करावी, उद्यान त्या दिवशी खुले आहे ना हे विचारून घ्यावे आणि लॉज स्थानक किंवा मेट्रोजवळचे निवडावे. एवढी दक्षता घेतल्यास मोटारीचा प्रश्न उरत नाही. वडिलांनाही गाडी हाकण्याऐवजी मुलांसोबत खिडकीत बसता येते.