कार्यभार नको, कारभारी हवा!

दरवर्षी ७ डिसेंबर उजाडला, की शाळांतून व कचेऱ्यांतून छातीवर चिमुकले ध्वज लावले जातात, निधीचे डबे फिरतात आणि सभांतून सैनिकांच्या त्यागाची वर्णने होतात. १९४९ पासून चालत आलेल्या या ध्वजदिनाविषयी आम्हांला आदरच आहे. तथापि त्या दिवशी एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. सैन्यातून परतलेल्या माणसाची वास्तपुस्त उरलेले ३६४ दिवस ज्या खात्याने करावयाची, त्या खात्याच्या खुर्चीवर कोण बसले आहे आणि ती खुर्ची भरलेली तरी आहे काय?

आपल्या राज्यात हे काम सैनिक कल्याण विभागाकडे आहे. त्याचा संचालक पुण्यास असतो आणि जिल्ह्यांचे काम जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी पाहतात. या नेमणुकांची बातमी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर दोन ओळींत आटोपते. आम्ही तो विषय आज पहिल्या पानावर घेत आहोत, तो हेतुपुरस्सर.

साधा जवान पस्तिशी-चाळिशीतच सैन्यातून मोकळा होतो. मुले शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात आणि दुसरी नोकरी शोधावयाची असते. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ हे धोरण १ जुलै २०१४ पासून लागू झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कागदात नावाचे एक अक्षर चुकले, तर वाढलेले वेतनही अडून बसते. राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिकांना मालमत्ता करात माफी दिली. पण त्या माफीसाठीही सैनिक कल्याण अधिकाऱ्याचाच दाखला लागतो. पतीच्या मागे कागदांचे गाठोडे घेऊन निघालेली विधवा प्रथम याच कचेरीची पायरी चढते. तेथे ‘साहेबांकडे दोन जिल्ह्यांचा कार्यभार आहे, पुढल्या आठवड्यात या’ असे उत्तर मिळाले, तर ध्वजदिनाच्या भाषणांना काय अर्थ उरला? अशा ‘अतिरिक्त कार्यभारा’ची पद्धत आपल्या प्रशासनात नवी नाही. तात्पुरती सोय म्हणून ती सुरू होते आणि पुढे वहिवाट होऊन बसते.

नेमणुकीने किती फरक पडतो, याचे दोन दाखले अमेरिकेत सापडतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी सैनिक घरी परतू लागले, तेव्हा १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी माजी सैनिकांचे खाते जनरल ओमर ब्रॅडली यांच्या हाती दिले. ब्रॅडली यांनी राजधानीत साचलेले अधिकार प्रादेशिक कचेऱ्यांना वाटून दिले आणि खात्याची रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडली. त्याच खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी हेही सेनापतीच. व्हिएतनामच्या युद्धात जायबंदी झालेले. परंतु २०१४ मध्ये फीनिक्स येथील रुग्णालयात रुग्णांच्या लांबलेल्या प्रतीक्षायाद्या दडविल्याचे उघडकीस आले आणि त्यांना पद सोडावे लागले. केवळ खांद्यावरच्या ताऱ्यांनी कारभार चालत नाही. खालचा खरा हिशेब वर येतो की नाही, हे पाहणारा माणूस लागतो.

आता आपल्या घराकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. जिल्हा निराळा करणे आणि त्या जिल्ह्याच्या नागरिकास सरकार जवळ आणून देणे या मात्र दोन निराळ्या गोष्टी होत. नालासोपाऱ्याच्या वृद्ध माजी सैनिकाने लोकलने ठाणे गाठावयाचे, तर दादरला गाडी बदलावी लागते. पालघर गाठावयाचे, तर बहुधा विरारला. ही गर्दी तरुणांनाही सोसवत नाही.

सातारा-कोल्हापुराच्या मानाने येथे माजी सैनिक थोडे, असे कोणी म्हणेल. आमच्या मते म्हणूनच येथे कचेरीची गरज अधिक. साताऱ्याकडील अपशिंग्यासारख्या गावात घरोघरी सैनिक आहेत. तेथे कोणता अर्ज कोठे करावा, हे शेजारीच सांगतो. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक वस्ती असलेल्या या वसई-विरार शहरात मात्र रात्री फाटकाशी बसणारा पहारेकरी काल कोणत्या सीमेवर उभा होता, हे त्याच इमारतीतील रहिवाशांना ठाऊक नसते. शिवाय २०२२ मध्ये भरती सुरू झालेल्या अग्निवीरांची चार वर्षे सरली, की पंचविशीही न गाठलेले तरुण घरी परतणार आहेत. त्यांना निवृत्तिवेतनही नाही. त्यांना मार्ग कोण दाखविणार?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. अधिकारी निवृत्त होण्यापूर्वीच त्याचा उत्तराधिकारी निवडला जावा. त्यास एकच जिल्हा व ठरावीक मुदत मिळावी. महिन्यातून एक दिवस त्याने नालासोपाऱ्यात येऊन बसावे. त्यासाठी महापालिकेने एक खोली द्यावी. आणि किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती अडले, याचा हिशेब त्याने दर तिमाहीस जाहीर करावा.

यात अपूर्व असे काहीच नाही. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना याच सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाने मृगयेचे विहार सोडून धर्मयात्रा आरंभिल्या, त्या यात्रांत वृद्धांच्या भेटी घेऊन त्यांस साहाय्य केले आणि जनपदातील लोकांस तो स्वतः भेटला, असा त्या लेखाचा आशय आहे. कलिंगाच्या युद्धाने पालटलेल्या त्या सम्राटाने बावीसशे वर्षांपूर्वी जे केले, ते आजच्या सैनिक कल्याण अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा करावे, एवढेच आमचे मागणे आहे. सरकारने ते लवकर मान्य करावे. वाट पाहण्याची शिस्त सैनिकास असते. तिचा गैरफायदा घेणे कोणत्याही सरकारास शोभत नाही.