वेळ थांबवणारं घड्याळ आणि जालन्याचं बियाणं

2002 साली आलेल्या जोनाथन फ्रेक्स दिग्दर्शित 'क्लॉकस्टॉपर्स' या हॉलिवूडपटात झॅक गिब्स नावाच्या शाळकरी पोराच्या हाती एक मनगटी घड्याळ लागतं. बटण दाबलं की सारं जग जागच्या जागी थिजतं, पाण्याचे थेंब हवेत थबकतात आणि हे पोरगं त्या थिजलेल्या जगात खुशाल हिंडतं. मजेची गोष्ट अशी की घड्याळ काळ थांबवतं असा दावा चित्रपट करतच नाही. घड्याळ घालणाऱ्याच्या शरीरातले रेणू इतके वेगवान होतात की त्याच्या तुलनेत बाकीचं जग थांबल्यासारखं दिसतं, असं त्यातले शास्त्रज्ञ सांगतात. पोरासोरांच्या साहसपटातलं विज्ञान तपासत बसू नये असं म्हणतात, पण इथली चूक तपासण्याजोगी आहे, कारण ती उलटी केली की खरं विज्ञान हाती लागतं. काळाला अडवायचं तर रेणूंना पळवायचं नसतं, त्यांची पळापळ बंद पाडायची असते. हे काम माणसाला चांगलं जमतं, आणि ते रोजच्या व्यवहारात बघायचं तर जालन्यासारखं दुसरं ठिकाण नाही. या शहराची ओळख ज्या दोन धंद्यांवर उभी आहे, ते लोखंड आणि बियाणं, दोन्ही याच एका युक्तीवर चालतात.

ही कल्पना मूळची हॉलिवूडची नव्हे. एच. जी. वेल्सनं 1901 साली 'स्ट्रँड' मासिकात 'द न्यू ॲक्सिलरेटर' ही कथा लिहिली. तिच्यातला प्राध्यापक गिबर्न एक औषध शोधून काढतो. ते प्यायलं की माणसाचं शरीर हजारपटींनी झपाट्यानं चालू लागतं आणि भोवतालचं जग पुतळ्यांचं होतं. (झॅकचं आडनाव गिब्स ठेवताना कुणाला हा गिबर्न आठवला असेल तर मला आनंदच वाटेल.) वेल्सचा मोठेपणा असा की त्यानं या वेगाची किंमतही मांडली. इतक्या वेगानं हवेतून चालल्यावर त्याच्या पात्रांचे कपडे करपू लागतात. विज्ञानाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या लेखकाला घर्षणाची आठवण राहिली, पण त्याहून मोठी उष्णता शरीराच्या आतच दडलेली आहे हे मात्र त्यानं सोडून दिलं, आणि शंभर वर्षांनी चित्रपटानंही सोडून दिलं. रेणूंचा वेग वाढवणं याचंच दुसरं नाव तापवणं. वेग दुप्पट केला की गतिज ऊर्जा चौपट होते आणि निरपेक्ष तापमानही चौपट. माणसाच्या शरीराचं तापमान 37 अंश सेल्सिअस, म्हणजे 310 केल्विन. त्याची चौपट 1240 केल्विन, म्हणजे 967 अंश सेल्सिअस. जालन्याच्या रोलिंग मिलमधून लालबुंद सळई बाहेर पडते ती साधारण एवढीच तापलेली असते. आणि एवढं होऊन जग थांबणार तर नाहीच, नुसतं निम्म्या वेगानं चालताना दिसणार. थेंब हवेत थबकायचा तर दुप्पट वेगानं भागत नाही, निदान हजारपट लागतो.

यावर चित्रपटाच्या बाजूनं बोलणारा म्हणेल की रेणूंचं सोडा, त्या पोरापुरता काळच झपाट्यानं धावत असेल, आईनस्टाईननं काळ सापेक्ष आहे असं सांगितलंच आहे. सांगितलं आहे, पण ते नेमकं उलट्या दिशेचं आहे. 1905 च्या सिद्धांतानुसार जो वेगानं धावतो त्याचंच घड्याळ इतरांच्या मानानं मागं पडतं, पुढं जात नाही. 1915 च्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षणात खोल असलेलं घड्याळ मंद चालतं आणि उंचावरचं जलद. जीपीएस उपग्रहांमध्ये दोन्ही परिणाम एकत्र होतात आणि त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढं जातात. आता घड्याळ आणखी पळवायचं म्हणून पृथ्वीच्या गुरुत्वापासून हवं तितकं लांब न्या, त्यातून मिळणारी जास्तीत जास्त आघाडी दिवसाला 60 मायक्रोसेकंदांच्या आसपास, त्यापुढं नाही. मंद करण्याला मात्र अशी मर्यादा नाही. प्रकाशाच्या वेगाजवळ किंवा कृष्णविवराच्या काठाशी घड्याळ वाटेल तितकं सावकाश करता येतं. एवढं करून झॅकचा काळ हजारपट धावलाच असं क्षणभर धरलं, तरी त्याला ते थिजलेलं जग दिसणार नाही. त्याच्या दृष्टीनं प्रकाशलहरींची वारंवारिता हजारपटीनं घटेल, दृश्य प्रकाश पार दूरच्या अवरक्तात जाईल, आणि भर दुपारी त्याच्यापुढं मिट्ट काळोख असेल.

तेव्हा उलट्या वाटेनं जाऊ. 1889 साली स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअसनं तापमानाचा आणि रासायनिक क्रियेच्या वेगाचा संबंध एका छोट्या सूत्रात बसवला. त्याचं नाव आपल्याकडं आम्लांच्या व्याख्येत आणि हल्ली हवामानबदलाच्या चर्चेत येतं. मला त्याचं हे सूत्र या दोन्हींहून मोलाचं वाटतं, कारण दुधाच्या नासण्यापासून औषधाच्या मुदतीपर्यंत सगळीकडं तेच कामाला येतं. ढोबळमानानं दर 10 अंशांमागं क्रियेचा वेग दुप्पट होतो किंवा निम्म्यावर येतो, आणि तापमान पुरेसं एकदम खाली आणलं तर क्रिया अर्ध्यातच अडकून पडते. टीएमटी सळईत हेच होतं. भंगार आणि स्पंज आयर्न भट्टीत वितळवून बिलेट ओततात, त्याची तापवून सळई ओढतात, आणि शेवटच्या रोलमधून निघालेली ती सळई जेमतेम सेकंदभर पाण्याच्या जोरदार माऱ्यातून जाते. तापलेल्या लोखंडाच्या जाळीत कार्बनचे अणू सुखानं सामावलेले असतात. सावकाश निवू दिलं तर ते बाहेर पडून आपला वेगळा थर करतात आणि लोखंड मऊ राहतं. पाण्यानं ती उसंतच मिळत नाही. 'स्टॅच्यू' म्हटल्यावर पळणारी पोरं जशी एक पाय वर घेऊन उभी राहतात, तसे हे अणू वाटेतच अडकतात, जाळी ताणली जाते आणि सळईची बाहेरची कडा कठीण होते. तिला मार्टेन्साइट म्हणतात. गाभा मात्र अजून लालच असतो. तो सावकाश निवतो, आपल्या उष्णतेनं कडेचा ठिसूळपणा घालवतो आणि स्वतः लवचिक राहतो. सळई आडवी कापून टोक घासून गुळगुळीत केलं आणि अल्कोहोलमध्ये पातळ केलेलं नायट्रिक आम्ल त्यावर लावलं की कडेनं एक गडद कडी उमटते, आत फिकट गाभा. त्या कडीत त्या सेकंदाला झालेली अणूंची मांडणी तशीच राहिलेली असते, आणि घर उभं आहे तोवर ती तशीच राहणार.

बियाण्याची गोष्ट याहून सुरस आहे, कारण तिथं जीव आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, पुढं या शहराभोवती बियाण्याचा सगळा व्यापार उभा राहिला आणि 1998 मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या यशाची चर्चा नेहमी संकरित वाणांच्या अंगानं होते. मला वाटतं, वाळवण आणि साठवण या बिनचकाकीच्या कामाला त्यात फार कमी श्रेय मिळतं. उत्तम वाण तयार केलं आणि पुढच्या जूनपर्यंत ते जिवंतच राहिलं नाही तर सगळं मुसळ केरात. दाणा पिकत असतानाच पेशींतलं पाणी ओसरू लागतं आणि साखरेचे रेणू त्याची जागा घेतात. ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या खाली गेला की पेशीद्रव घट्ट होत होत काचेसारखा होतो. काच म्हणजे इथं उपमा नव्हे, भौतिकशास्त्राच्या अर्थानं ती खरोखर काचच असते: द्रवासारखी अस्ताव्यस्त रचना, पण जवळजवळ अचल. विकरं असतात, डीएनए असतो, सगळा सरंजाम जागच्या जागी असतो, हालचाल तेवढी नसते. कॅलिफोर्नियाच्या जेम्स हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञानं यावर एक ढोबळ नियम दिला: साठवणीचं तापमान 5 अंशांनी उतरवा, बियाण्याचं आयुष्य दुप्पट, ओलावा एक टक्क्यानं कमी करा, पुन्हा दुप्पट. 40 अंशांच्या पत्र्याच्या गोदामातून बियाणं 15 अंशांच्या शीतगृहात हलवलं तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे 32 पट. वर ओलावा 12 वरून 8 टक्क्यांवर आणला तर आणखी 16 पट. गुणाकार 512 होतो. तो अक्षरशः घ्यायचा नाही, पण झॅकच्या घड्याळाला जी मजल हवी होती ती उलट्या दिशेनं साध्या वाळवणानं आणि गारव्यानं गाठता येते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

आक्षेप घेणारा इथं अडवेल, आणि त्याचा आक्षेप रास्त आहे. हे काळ थांबवणं नव्हे, क्रिया मंदावणं झालं. सापेक्षतेत सगळी घड्याळं एकदम मंदावतात, इथं निवडक. हे मान्यच करायला हवं, आणि याचा सुंदर पुरावा एका खजुराच्या बीनं दिला आहे. मृत समुद्राकाठच्या मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेल्या जुन्या बियांपैकी एक 2005 साली पेरली, ती उगवली, आणि त्या रोपाला मेथुसेला असं नाव मिळालं. कार्बन-14 च्या मोजणीनं बी सुमारे 2000 वर्षांची ठरली. म्हणजे एकाच बीत दोन घड्याळं होती. कार्बनच्या अणुगर्भांना कोरडेपणाशी देणंघेणं नाही, ते आपल्या 5730 वर्षांच्या अर्धायुष्यानं बिनचूक क्षय पावत राहिले. जिवाचं घड्याळ मात्र जवळपास उभं राहिलं. पहिलं चालू राहिलं म्हणून तर दुसरं किती काळ थबकलं होतं ते आपल्याला कळलं. सजीवाच्या दृष्टीनं काळ म्हणजे त्याच्या शरीरात घडणारे बदल, आणि त्या अर्थानं इथं काळ अडवला गेला असं मी निःशंकपणे म्हणेन.

मात्र इथूनच अतिशयोक्तीचा रस्ता फुटतो. इजिप्तच्या ममींशेजारी सापडलेला गहू उगवल्याच्या कहाण्या एकोणिसाव्या शतकात युरोपात खूप खपल्या. थडग्यातला खरा गहू तपासला तेव्हा तो करपून काळा पडलेला निघाला आणि कधीच उगवला नाही. आजच्या काळात हीच जागा मृतदेह गोठवून भविष्यात जिवंत करण्याचं आश्वासन विकणाऱ्यांनी घेतली आहे. द्रव नायट्रोजनच्या -196 अंशांत जनावरांचं वीर्य टिकतं, आणि त्याच्या नळ्यांचं भांडं मोटारसायकलला अडकवून गावोगाव जाणारा पशुवैद्यक आपल्याकडं सर्वांच्या ओळखीचा आहे. भ्रूणही टिकतो. पण हे सूक्ष्म जीव आहेत, त्यांच्यातलं पाणी काढता येतं किंवा बर्फाचे स्फटिक होण्याआधीच काचेसारखं करता येतं. अख्ख्या माणसाचा निम्म्याहून जास्त भाग पाणी असतो, आणि त्याचा बर्फ पेशी फाडून टाकतो. सगळ्या बियांनाही हे जमत नाही. आंबा, फणस, नारळ यांची बी वाळली की मेली, म्हणून आंब्याची कोय बाठ्यातून निघाल्यावर लगेच लावावी लागते.

सोयाबीनचं बियाणं वाळतं, पण टिकायला फार नाजूक. पातळ साल, भरपूर तेल, अंकुर अगदी कडेला. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसानं शेंगा भिजल्या, आणि 2020 च्या खरिपात मराठवाड्यात बियाणं उगवलं नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. दुबार पेरणीची पाळी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या दाण्यांमधलं घड्याळ ओलाव्यानं भराभर चालू झालं होतं, पिशवीकडं बघून ते कुणाला कळण्याजोगं नव्हतं. पिशवीवर चाचणीची तारीख आणि मुदत असते, उगवणशक्तीचा टक्का असतो. सोयाबीनला तो किमान 70 लागतो. पण तो आकडा चाचणीच्या दिवसाचा. त्यानंतर पिशवी मे महिन्यात कुठल्या पत्र्याखाली किती दिवस पडून होती याची नोंद तिच्यावर नसते. म्हणून कृषी विभाग ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करायला आणि आठवड्यानं कोंब मोजायला सांगतो. हा सल्ला चोख आहे, पण विकत आणलेल्या पिशवीची परीक्षा करून ती परत करायला पेरणीच्या घाईत शेतकऱ्याला सवड कुठली?

यावर तोड आहे आणि ती पोलिओच्या लसीवर 1996 पासून वापरात आहे. कुपीवर एका जांभळट वर्तुळात फिकट चौकोन छापलेला असतो. लागलेली उष्णता साठत जाईल तसा चौकोन गडद होतो, आणि वर्तुळाच्या रंगाला पोचला की लस टाकून द्यायची. अऱ्हेनिअसचं सूत्रच तिथं शाईत उतरलं आहे. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं. बियाण्याच्या पिशवीवर अशी खूण का असू नये? ती फक्त उष्णता मोजते, ओलावा नाही, हा आक्षेप बरोबर आहे. पण सोयाबीनपेक्षा आधी भाजीपाल्याच्या आणि कपाशीच्या हवाबंद पाकिटांवर ती लावता येईल, कारण तिथं ओलावा बाहेरून शिरतच नाही. खर्चाचा आक्षेप त्याहून कमकुवत आहे: एकराच्या दुबार पेरणीत बियाणं, मजुरी आणि हातचा पाऊस असं तिन्ही जातं. शाईचा वेग कांद्याच्या बियाण्याला, कपाशीला, ज्वारीला वेगवेगळा बसवावा लागेल, आणि त्यासाठी प्रत्येक पिकाची उगवण निरनिराळ्या तापमानांत महिनोन्‌महिने मोजावी लागेल. या कामाला लागणाऱ्या बीजप्रयोगशाळा जालन्यात आहेत, शीतगृहं आहेत आणि चाळिशी गाठणारा उन्हाळाही आहे.