लेखकाचे आयुष्य आणि कादंबरीतले सत्य

एखादी कादंबरी मनाला भिडली की वाचकाच्या ओठांवर एक प्रश्न हमखास येतो : 'हे खरेच घडले असेल का?' नायक म्हणजे स्वतः लेखकच, असा तर्कही मग पाठोपाठ येतो. हे कुतूहल स्वाभाविक आहे. लेखकाजवळ पहिले भांडवल असते ते स्वतःच्या जगण्याचेच. मात्र जगलेले आयुष्य जसेच्या तसे कागदावर उतरवले, तर ती फार तर रोजनिशी होते. अनुभवापासून लेखक किती आणि कसा दूर उभा राहतो, यावर त्याचे साहित्य होणे अवलंबून असते.

साने गुरुजींची 'श्यामची आई' हे याचे सर्वपरिचित उदाहरण. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातले कोकणातले बालपण आणि आई गुरुजींचीच. तरीही निवेदक 'मी पांडुरंग साने' असे म्हणत नाही. तो श्याम होतो आणि आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. नाव बदलल्याने भावना मोकळी झाली आणि समोर श्रोते बसवल्याने तिला आकार मिळाला. एका घरातली आई त्यामुळे महाराष्ट्राची झाली.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (1963) दुसऱ्या वाटेने जाते. नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. त्यांचा नायक पांडुरंग सांगवीकर. खेड्यातून पुण्याच्या महाविद्यालयात येणे दोघांच्याही वाट्याला आले. परंतु पांडुरंग शिक्षणात हरून गावी परततो, तर नेमाडे प्राध्यापक झाले आणि 2014 चा ज्ञानपीठ पुरस्कारही त्यांना लाभला. आपल्या आयुष्याला वेगळे वळण लागले असते तर काय झाले असते, हे लेखक पात्राकडून जगवून घेऊ शकतो. अशा वेळी साम्यांपेक्षा फरकच अधिक बोलका ठरतो.

हा खेळ सर्वांना सारखाच सुरक्षित नसतो. 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह 'विभावरी शिरूरकर' या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, अविवाहित, कुटुंबाचा भार वाहणाऱ्या तरुणींच्या मनातील घुसमट त्यात निर्भीडपणे आली होती. समाजात खळबळ उडाली आणि कथांपेक्षा 'ही बाई कोण' याचीच चर्चा रंगली. हे टोपणनाव होते बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर यांचे. महर्षी कर्वे यांच्या संस्थेत त्या शिकल्या आणि तेथेच त्यांनी अध्यापनही केले. अशा मुलींचे जग त्यांनी अगदी जवळून पाहिले होते. पण ते उघड नावाने मांडले असते, तर प्रत्येक कथा त्यांचा खासगी कबुलीजबाब म्हणून वाचली गेली असती. पुरुषाने लिहिले की तो 'अनुभव' आणि स्त्रीने लिहिले की ती 'भानगड', ही वाचनाची दुटप्पी रीत आजही पुरती सुटलेली नाही.

म्हणूनच 'हे खरे घडले का' हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटला, तरी त्याची किंमत कुणीतरी मोजत असते. कधी लेखिका, कधी तिचे कुटुंब, तर कधी पात्रात स्वतःला ओळखणारा एखादा शेजारी. कल्पिताचा पडदा त्यांच्या रक्षणासाठीही असतो, हे वाचकाने विसरू नये.

मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांनी युरोपातून परततानाच्या बोटप्रवासातील अनुभवांना 'रणांगण' (1939) या कादंबरीचे रूप दिले. चक्रधर आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी यांचे अल्पजीवी प्रेम त्यात आहे. एका बोटीवर सारे पेटू घातलेले जग सामावले आहे. याच बेडेकरांनी पुढे आपल्या आत्मचरित्राला नाव दिले 'एक झाड आणि दोन पक्षी'. उपनिषदातल्या त्या दोन पक्ष्यांपैकी एक फळ खातो, दुसरा नुसता पाहत असतो.

लेखकाच्या ठायी हे दोन्ही पक्षी नांदतात. एक जगतो, दुसरा त्या जगण्याकडे पाहतो. कादंबरी लिहितो तो दुसरा. पहिल्याच्या घराचा पत्ता शोधत बसण्यापेक्षा दुसऱ्याने काय पाहिले, हे समजून घेणे वाचकाच्या अधिक लाभाचे आहे.