जुन्या मुखपृष्ठावर न छापलेली नक्षी

‘दीपावली’ हा दिवाळी अंक १९४५ साली सुरू झाला. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ असलेला त्याचा एखादा जुना अंक कुणाच्याही घरात निघू शकतो. तो स्कॅन केला की चित्रातल्या चेहऱ्यावर लाटांसारखे पट्टे उमटतात. स्कॅनर बिघडला किंवा कागद खराब झाला, असा समज होतो. सहसा दोन्ही ठीक असतात.

हा मोआरे (दोन जाळ्या एकमेकींवर आल्यावर दिसणारी भासमान नक्षी). खिडकीच्या डासांच्या जाळीचे दोन थर एकमेकांवर धरून किंचित फिरवा, तशीच वळणं दिसतील. छापील चित्र हाफटोन (लहानमोठ्या ठिपक्यांची नियमित जाळी) असतं. मासिकांत इंचाला साधारण १३३ ते १५० ओळी असतात आणि छपाईच्या चारही रंगांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत. स्कॅनरही चौकटींच्या जाळीतच मोजतो, म्हणून दोन जाळ्या एकमेकींवर येऊन पट्टे उमटतात. रविवर्मा प्रेसच्या शिळाछापांतले ठिपके हातानं टिपलेले, अनियमित. तिथे हा त्रास फारसा नाही.

पट्टे दिसले की अनेकजण चित्राची धार वाढवतात. त्यानं ठिपके आणि पट्टे दोन्ही ठळक होतात. स्कॅनरची धार वाढवण्याची सोय आधी बंद करा. ६०० डीपीआय (इंचातल्या नोंदींची संख्या) किंवा त्याहून जास्तीवर स्कॅन करा, म्हणजे प्रत्येक ठिपका सुटा नोंदला जाईल. मग ठिपके एकमेकांत मिसळतील इतकंच चित्र धूसर करा आणि आकार निम्मा करा. धार द्यायचीच तर त्यानंतर, हलकीशी. स्कॅनरमध्ये ‘डीस्क्रीन’ची सोय असेल तर ती हेच काम करते, पण दलालांची बारीक रेषाही थोडी बोथट करते, म्हणून मूळ स्कॅन जपून ठेवावा.