म्यूल हरणाच्या शिकारीचे परराज्य परवाने

म्यूल हरीण (ओडोकॉइलियस हेमिओनस) हे पश्चिम उत्तर अमेरिकेत आढळणारे, खेचरासारखे मोठे कान असलेले हरीण आहे. अमेरिकेत वन्यजीव ही राज्याने जनतेच्या वतीने सांभाळायची ठेव मानली जाते. म्हणून शिकारीचे परवाने, म्हणजेच 'टॅग', राज्येच देतात.

परराज्यातील शिकाऱ्यांना टॅग स्थानिकांपेक्षा कित्येक पट महाग पडतो आणि त्यांचा वाटाही मर्यादित असतो. न्यू मेक्सिकोत सोडतीतील किमान ८४ टक्के टॅग रहिवाशांना दिले जातात. मोंटानात १९७६ साली एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना रहिवाशांना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्यांना मात्र २२५ डॉलरचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे. 'बाल्डविन विरुद्ध मोंटाना मासेमारी व शिकार आयोग' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हा भेद वैध ठरवला.

खर्चाचा अंदाज बांधताना टॅगच्या किमतीत अर्जशुल्क, मूळ परवाना व प्रवासखर्च मिळवावा लागतो. कोलोराडोत सोडतीत पहिल्या पसंतीचा टॅग न मिळाल्यास अर्जदाराला प्राधान्यगुण मिळतो. मागणी असलेल्या क्षेत्रासाठी असे गुण अनेक वर्षे साठवावे लागतात. त्यामुळे प्रतीक्षेचा काळ हाही खर्चाचाच भाग ठरतो.